रॉकेट खाली कसं येणार?

एरवी या वेळेला मी तुमच्याशी गटाचं कर्ज, हप्ते, नोंदवही, नाहीतर मसाल्याच्या पाकिटांवरचं लेबल असलं काहीतरी बोलते. आज रॉकेटबद्दल बोलणार आहे. हसू नका, आणि रेडिओ बंदही करू नका. ज्यांच्या घरात दहा ते सोळा वर्षांचं पोर आहे, त्यांनी तर आज ऐकाच.

विषय का निघाला ते आधी सांगते. आमच्या एका गटातल्या ताईंचा मुलगा. त्या ताईंना विचारूनच सांगते आहे, नाव मात्र घेत नाही. 23 ऑगस्ट 2023 ला आपलं चंद्रयान-3 चंद्रावर उतरलं, ते शाळेत सगळ्या मुलांना टीव्हीवर दाखवलं होतं. हा तेव्हा आठवीत. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात रॉकेट शिरलं. एकदा तो माझ्याकडे मीटिंगमध्ये आला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या मोबाईलवर रॉकेट कसं बनवतात ते बघायचंय." माझा हिशोब जुळत नव्हता, समोर वही उघडी होती. मी म्हणाले, "आधी अभ्यास कर." घरी आईही तेच म्हणाली, "हे नाद सोड."

दिवाळीत त्याने न उडालेले फटाके गोळा केले. आतली दारू काढली, लोखंडी पाइपच्या तुकड्यात भरली आणि खिळ्याने ठासायला लागला. ठासतानाच पेट घेतला. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. डोळे वाचले, एवढं नशीब. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची आई मला म्हणाली, "मी नको म्हणाले ना, तेव्हापासून त्याने मला विचारायचंच बंद केलं होतं."

ते वाक्य मला फार लागलं, कारण मीसुद्धा त्याला परत पाठवलं होतं. मग मी ठरवलं, हे रॉकेट प्रकरण काय असतं ते आपण समजून घ्यायचं. मी काही विज्ञानाची पदवीधर नाही, बीए आहे. पण वाचता येतं, विचारता येतं. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट अशी की, या पोराने केलं ते जगात नवीन नाही. 4 ऑक्टोबर 1957 ला रशियाने स्पुटनिक नावाचा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्या सुमारास अमेरिकेतल्या पोरांना असंच वेड लागलं होतं. तळघरात, गॅरेजमध्ये मुलं धातूच्या नळ्यांत दारू ठासायला लागली आणि जखमी व्हायला लागली. तिथे हॅरी स्टाइन नावाचे एक गृहस्थ न्यू मेक्सिकोतल्या रॉकेट चाचणीच्या तळावर सुरक्षेचं काम बघत. असल्या घरगुती बॉम्बांच्या धोक्याविषयी त्यांनी स्पुटनिकच्या आधीच मासिकात लिहिलं होतं. ते नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावच्या ऑर्विल कार्लाइल यांनी वाचलं. कार्लाइल यांचं बुटांचं दुकान होतं आणि त्यांना शोभेच्या दारूचा छंद होता. त्यांचे भाऊ रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृतींचा छंद. दोघांनी मिळून 1954 मध्येच एक छोटं रॉकेट बनवलं होतं. अंग कागदाच्या नळीचं, शेपटीला हलके पंख, आत पॅराशूट, आणि जळणारा भाग म्हणजे एक वेगळं, तयार, बंद नळकांडं. एकदा जळलं की काढून टाकायचं आणि नवं बसवायचं. त्या नळकांड्याला मोटर म्हणतात. आपली पाण्याची मोटर नव्हे बरं का, रॉकेटची मोटर म्हणजे जळून ढकलणारा भाग.

कार्लाइल यांनी आपली रॉकेटं स्टाइन यांना पाठवली, आणि त्यातून हा छंद रुळावर आला. 1957 मध्येच तिथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, नियम ठरले. तयार मोटर पुरवायचं काम कोलोरॅडोतल्या व्हर्न आणि ग्लेडा एस्टेस या नवरा-बायकोने अंगावर घेतलं. व्हर्नच्या घरचा शोभेच्या दारूचा धंदा होता. हाताने भरत बसलं तर वेळही जातो आणि प्रत्येक नग वेगळा निघतो, म्हणून त्याने एक यंत्र बनवलं. त्याला लाडाने मेबल म्हणायचे. दर साडेपाच सेकंदांना एक मोटर तयार, आणि सगळ्या सारख्या. मुलांनी मोटर बनवायची नाही, विकत घ्यायची. बाकीचं रॉकेट मात्र स्वतः बनवायचं. या एका नियमाने हा खेळ घराघरात गेला.

पुढे त्यातली काही माणसं मोठी झाली, त्यांची रॉकेटंही मोठी झाली. त्यांना हाय पॉवर रॉकेट म्हणतात, म्हणजे मोठ्या ताकदीचं हौशी रॉकेट. आणि खऱ्या एखाद्या रॉकेटची मापं घेऊन, त्याच प्रमाणात लहान करून, तयार संच न आणता सगळं स्वतः बनवायचं, ही त्यातली सगळ्यात अवघड परीक्षा.

याचं मोठं उदाहरण म्हणजे ओहायो राज्यातले स्टीव्ह इव्हज. हे कुणी शास्त्रज्ञ नव्हेत. गाड्यांच्या बॉडीचं काम करणारे, आपण डेंटिंग-पेंटिंग म्हणतो तसलं काम त्यांचं. माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न-पाच हे रॉकेट 363 फूट उंच होतं. इव्हज यांनी त्याची बरोबर एक दशांश प्रतिकृती बनवली. एक दशांश म्हणजे 36 फूट, साधारण तीन मजली घराएवढी! वजन 1,648 पौंड, म्हणजे जवळजवळ साडेसात क्विंटल. 25 एप्रिल 2009 ला मेरिलँड राज्यातल्या प्राइस या गावाजवळच्या एका शेतातून ती उडाली, 4,441 फूट वर गेली आणि पॅराशूटने खाली आली. आपलं महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून जवळपास तेवढंच उंच आहे. चंद्रावर माणूस उतरला त्याला त्या वर्षी चाळीस वर्षं होत होती.

हे कसं होत असेल? आता एकेक काम घेऊ. तुम्हीच ओळखा, यातलं किती तुम्हाला येतं.

पहिलं काम मापाचं. आधी खऱ्या रॉकेटची रेखाटनं, फोटो, मापं गोळा करायची. मग ठरवायचं, किती पट लहान. शिवणकाम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. बाहुलीचा परकर शिवताना लांबी निम्मी केली, घेर निम्मा केला, तर कापड निम्मं लागत नाही, पाव लागतं. आणि बाहुलीच्या पोटात भरायचा कापूस तर आठवा हिस्साच लागतो. रॉकेटचंही तसंच. उंची एक दशांश केली की वरून रंगवायचा पृष्ठभाग शंभरावा हिस्सा होतो आणि आतली जागा हजारावा हिस्सा. म्हणून खऱ्या रॉकेटमधली प्रत्येक वस्तू नुसती लहान करून चालत नाही. बाहेरून दिसणारं रूप प्रमाणात ठेवायचं, आतली रचना मात्र स्वतःच्या डोक्याने नव्याने करायची.

दुसरं काम अंगाचं. इथे लोखंडी पाइप चालत नाही. या छंदाचा लेखी नियमच आहे की कागद, लाकूड, रबर, प्लास्टिक, फायबर ग्लास अशा हलक्या वस्तू वापरायच्या, आणि अगदी लागेल तिथेच थोडा मऊ, लवचीक धातू. कारण साधं आहे. काही चुकून फुटलंच तर कागदाचे तुकडे उडतात, लोखंडाचे उडाले तर ते गोळीसारखे लागतात. म्हणून पुठ्ठ्याची जाड नळी घेतात, तिच्यावर फायबर ग्लासचं कापड चिकटवतात. आत प्लायवूडच्या गोल चकत्या बसवतात, त्यांच्या मधोमध मोटरची नळी. शेपटीचे पंख नुसते वरून चिकटवत नाहीत. नळीला चीर पाडून पंखाचं मूळ आत मोटरच्या नळीपर्यंत नेतात आणि दोन्हीकडे एपॉक्सी भरतात. दोन ट्यूबमधलं मिसळून लावतो ना, तेच. मिसळायचं प्रमाण चुकलं की ते वाळतच नाही, चिकट राहतं. आणि पंख एखाद्या केसाएवढा तिरका बसला तर रॉकेट वर जाताना गरगरतं. म्हणून एक पंख लावला की तो सुकेपर्यंत थांबायचं. घाई करायची नाही.

तिसरं काम तोलाचं. हे मला सगळ्यात आवडलं. रॉकेटमध्ये दोन जागा शोधायच्या असतात. एक, जिथे बोटावर ठेवलं तर ते तोलून राहतं, ती वजनाची मधली जागा. दुसरी, जिथे वाऱ्याचा दाब एकवटतो. वजनाची जागा नेहमी टोकाच्या बाजूला हवी आणि वाऱ्याची शेपटीच्या बाजूला. दोन्हींमध्ये निदान रॉकेटच्या जाडीएवढं अंतर हवं. तसं नसेल तर रॉकेट वर निघतं, वळतं आणि माणसांकडे येतं. लहान रॉकेटची परीक्षा घरी करता येते. मोटर भरलेल्या रॉकेटइतकंच वजन ठेवायचं, तोलाच्या जागी दोरी बांधायची आणि मोकळ्या अंगणात गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवायचं. टोक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवं झालं किंवा शेपूट पुढे आलं तर टोकात वजन घालायचं किंवा पंख मोठे करायचे. मोठ्या रॉकेटचा मात्र गणिताने हिशोब करतात.

आणि खऱ्या रॉकेटची हुबेहूब नक्कल करणाराची पंचाईत इथेच होते. खऱ्या सॅटर्न-पाचच्या तळाशी पाच इंजिनं होती. त्यांतली बाहेरची चार इंजिनं वळवून रॉकेटची दिशा सांभाळली जायची, म्हणून त्याला पंख लहान असले तरी चालत. हौशी रॉकेटला असं इंजिन वळवायची सोय नसते. पंख मोठे केले तर नक्कल बिघडते, लहान ठेवले तर तोल बिघडतो. मग काय करतात? कुणी टोकात वजन घालतं. कुणी उडवताना पारदर्शक प्लास्टिकचे जास्तीचे पंख लावतं, म्हणजे लांबून रूप तेच दिसतं. दिसण्यासाठी तोलात तडजोड करत नाहीत.

चौथं काम मोटरचं. इतक्या मोठ्या रॉकेटची मोटरही प्रमाणित कारखान्यातली किंवा संघटनेच्या नियमात, तज्ज्ञांच्या नजरेखाली बनलेलीच लागते. मोटरच्या ताकदीला इंग्रजी अक्षरं दिलेली आहेत. ए हे पहिलं अक्षर, आणि पुढचं प्रत्येक अक्षर आधीच्याच्या दुप्पट. आपल्याला चक्रवाढ व्याज माहीत आहे, तेव्हा दुप्पट-दुप्पट म्हणजे काय ते सांगायला नको. ए-ची वरची मर्यादा अडीच आहे. पंधरा वेळा दुप्पट करत पी-पर्यंत आलं की ती होते 81,920. इव्हज यांच्या रॉकेटमध्ये मधोमध एक पी मोटर होती, 77,000 ची, आणि भोवती आठ एन मोटर, प्रत्येकी 13,000 च्या. नऊ मोटर एकाच वेळी पेटायला हव्यात. एका बाजूची एखादी मागे राहिली तर जोर एकांगी होतो, जसं चार जणींनी उचललेल्या पिंपातून एकीने हात काढला तर होतं तसं.

असली मोटर पैसे दिले म्हणून कुणालाही मिळत नाही. तिथे तीन पायऱ्यांची परीक्षा असते आणि त्यासाठी वयाची अठरा वर्षं पूर्ण लागतात. पहिल्या पायरीला एच आणि आय, दुसरीला जे, के, एल, तिसरीला एम आणि त्यापुढची. दुसऱ्या पायरीला लेखी परीक्षाही आहे. तिसऱ्या पायरीला तर रॉकेट बनवण्याआधीच त्याचा सगळा आराखडा जाणत्या माणसांना दाखवावा लागतो. आणि मैत्रिणींनो, पास कधी करतात माहीत आहे? रॉकेट उंच गेलं म्हणून नाही. ते पॅराशूटने सुखरूप खाली यायला हवं, आणि परत उडवता येईल अशा अवस्थेत साक्षीदाराच्या हातात द्यायला हवं. वर किती गेलं याला गुण नाहीत. ज्याचं रॉकेट खाली येऊन मोडलं, तो नापास.

म्हणून पाचवं काम, पॅराशूटचं. कापड नायलॉनचं, पातळ पण न फाटणारं. छत्रीच्या किंवा कळीदार परकराच्या जशा कळ्या असतात, तशा कळ्या कापून जोडतात. शिलाई दुहेरी, कडेला पट्टी. दोऱ्या सगळ्या सारख्या लांबीच्या, नाहीतर एका अंगाला झुकतं. मधोमध वर एक भोक ठेवतात. मला वाटायचं भोक पडलं म्हणजे वाया गेलं. तसं नाही. त्या भोकातून हवा सरळ वर निघून जाते, म्हणून पॅराशूट झोके घेत नाही. लहान रॉकेटचं प्लास्टिकचं पॅराशूट एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला चक्क बाळाची पावडर लावतात.

मग घडी. लुगड्याच्या निऱ्या घालतो तशा पुढे-मागे घड्या घालायच्या, दोऱ्या गुंतणार नाहीत अशा ठेवायच्या आणि सगळं आग न लागणाऱ्या कापडात गुंडाळायचं. कारण पॅराशूट बाहेर ढकलायला आत एक छोटा बार उडतो. त्याची धग लागली तर नायलॉन वितळून गोळा होतं आणि उघडतच नाही.

मोठ्या रॉकेटमध्ये हा बार कधी उडवायचा ते एक छोटं यंत्र ठरवतं. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, त्यावरून ते उंची ओळखतं. अगदी वर पोचलं की आधी एक लहान पॅराशूट सोडतं. रॉकेट बऱ्यापैकी वेगाने खाली येतं, आणि जमीन पाचशे-हजार फुटांवर राहिली की मग मोठं पॅराशूट. सगळ्यात वरच मोठं उघडलं तर वारा ते कोसभर लांब, रस्त्यावर नाहीतर रानात नेईल. तिसऱ्या पायरीच्या रॉकेटमध्ये अशी दोन यंत्रं लागतात, दोघांची बॅटरी वेगळी. एक बिघडलं तर दुसरं आहे. आणि हे सगळं उडवण्याआधी जमिनीवर, दूर उभं राहून, करून बघतात. बार पुरेसा आहे का, नळी वेगळी होते का, पॅराशूट बाहेर येतं का.

आता उडवण्याचा दिवस. त्याआधी विमान वाहतूक बघणाऱ्या सरकारी खात्याची परवानगी लागते, म्हणजे त्या वेळेला वरून विमान जाणार नाही. शेताच्या मालकाची परवानगी लागते. वारा तासाला बत्तीस किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर उडवायचं नाही. कितीही लांबून आलेला असो, सामान गाडीत भरून परत जायचं. रॉकेटच्या वजनाच्या निदान तिप्पट जोर मोटरचा हवा. रॉकेट रुळासारख्या सरळ दांडीवर उभं करतात, म्हणजे वेग येईपर्यंत ते डगमगत नाही. पेटवायची वात मोटरमध्ये शेवटी, दांडीवर उभं केल्यावरच घालायची. पेटवायचं बॅटरीने, लांब वायरने, दुरून. काडी लावायची नाही. मोठ्याने पाच आकडे उलटे मोजायचे, म्हणजे सगळे सावध होतात. बटण दाबूनही पेटलं नाही तर बॅटरी तोडायची आणि पूर्ण एक मिनिट कुणी जवळ जायचं नाही. आपल्याकडे न फुटलेल्या फटाक्यावर वाकून बघतात पोरं, त्यांना हे सांगा. आणि खाली येताना रॉकेट विजेच्या तारेवर अडकलं तर ते गेलं असं समजायचं. काढायला जायचं नाही.

हे सगळं कागदावर यादी करून, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने खूण करायची. आपल्या गटाच्या कपाटाला दोन कुलपं असतात ना, एक किल्ली अध्यक्षांकडे, एक सचिवांकडे? ते काही आपला एकमेकींवर विश्वास नाही म्हणून नसतं. एका माणसाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याच्या नजरेत यावं म्हणून असतं.

हे सगळं कळल्यावर मी त्या ताईंच्या घरी गेले. मुलाची जखम तोवर भरली होती, पण तो कुणाशी फार बोलत नव्हता. मी त्याला इव्हज यांच्या रॉकेटचा व्हिडिओ दाखवला. त्याने तीनदा बघितला. मी विचारलं, "तुझं रॉकेट वर गेलं असतं समज. खाली कसं येणार होतं?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "ते मी ठरवलंच नव्हतं."

मला वाटतं, आपण आयांनी हाच प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे. "नाद सोड" म्हटलं की पोर नाद सोडत नाही, आपल्याला सोडतं. त्यापेक्षा बसवून विचारायचं. खाली कसं येणार? ते कशाचं बनवलं आहेस? पेटवताना तू कुठे उभा असशील? आणि सोबत मोठं माणूस कोण आहे? या चार प्रश्नांची उत्तरं देता देता पोराला आपोआप कळतं की आपली तयारी कुठवर आहे.

एक गोष्ट मात्र ठाम सांगते. फटाक्याची दारू काढायची नाही, घरी कसलीही दारू मिसळायची नाही, ठासायची नाही. ती ठिणगीनेच पेटते असं नाही, नुसत्या घासण्यानेही पेटते. आणि परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. इथे समजुतीने घ्यायचं, पण सूट द्यायची नाही. वर सांगितलेली मोठी रॉकेटंसुद्धा नियम, परीक्षा, संघटना असलेल्या ठिकाणीच उडतात. ते ऐकून कुणी घरी करायला जाऊ नका.

मग पोराने काय करायचं? पाण्याचं रॉकेट. कोल्ड्रिंकची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, गॅस असलेल्या पेयाचीच, काचेची किंवा धातूची नाही. तिसरा हिस्सा पाणी, घट्ट बूच, बुचातून सायकलच्या पंपाचा व्हॉल्व्ह. बाटली उलटी उभी करायची, हवा भरायची आणि लांबून दोरीने खटका ओढून सोडायची. चिरलेली, जुनी बाटली घ्यायची नाही, हवा भरमसाट भरायची नाही, आणि भरलेल्या बाटलीवर वाकायचं नाही. विज्ञानाच्या गुरुजींना किंवा बाईंना सोबत घ्या. यात आग नाही, दारू नाही. पण तोल, पंख, पॅराशूट, उलटी मोजणी, यादी, सगळं तेच आहे.

त्या ताईंनी आणि त्यांच्या मुलाने शाळेच्या मैदानात असं रॉकेट उडवलं. पॅराशूट जुन्या छत्रीच्या कापडाचं, आईने मशीनवर शिवलेलं. पहिल्या वेळी दोऱ्या गुंतल्या आणि बाटली धाडकन आपटली, पंख मोडला. दुसऱ्या वेळी आईने निऱ्या घालून दाखवल्या आणि उरलेल्या बोटांनी त्याने घडी घातली. पॅराशूट अर्धंच उघडलं. तिसऱ्या वेळी वारा होता, म्हणून त्याने स्वतःच सांगितलं, "आज नको." सगळे तसेच घरी गेले. ताई मला म्हणाल्या, "त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली नाही."

गेलेली पेरं परत येणार नाहीत. मी त्या दिवशी वही बाजूला ठेवून दहा मिनिटं दिली असती तर काय झालं असतं, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. पुढच्या मीटिंगला कुणाचं पोर दारात येऊन काही विचारायला लागलं, तर हिशोब थोडा थांबू द्या. आपल्याला येत नसेल तर "मला येत नाही, आपण शोधू" असं म्हणा. त्याला आत बोलवा, बसवा आणि विचारा, काय बनवतोस, आणि ते खाली कसं येणार?

पुढच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे गटाच्या कर्जाविषयी बोलू. नमस्कार.